तीन प्रती, मॅट फिनिश

महापालिकेचं पत्र आलं: बागेतली जनावरं हलवायची आहेत,
प्रत्येकाचे फोटो हवेत, समोरून, डावीकडून, उजवीकडून,
प्रत्येकी तीन प्रती.
बिल मार्चनंतर.

मी पासपोर्टवाला माणूस.
सांगलीत गणपती पेठेत, जिन्याखाली, निळा पडदा, एक स्टूल.
तीस वर्षं एकच मंत्र:
मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका.
म्हटलं, यांना निदान एवढं तरी सांगावं लागणार नाही.

दस्तगीर मुजावर किल्ल्या वाजवत पुढं.
खिशात भडंगाची पुडी.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराची रेघ,
तिच्यावरून रंग दिला तरी परत फुटलेली.

पहिली माकडीण.
तिनं जाळीतून हात बाहेर काढून ठेवला,
तळवा वर. मागत काहीच नव्हती.
शालन मिरजेला ॲडमिट होती तेव्हा
असाच कॉटबाहेर ठेवायची, सलाईनचा नव्हे, दुसरा.
मी तो धरायचो, चोळायचो, चादरीखाली सरकवायचो,
की परत बाहेर.
लळा, वाटायचं. किती लळा या बाईला.
नोंदवहीत ‘स्वभाव’ असा एक रकाना होता.
लिहिलं: वाट बघते.

कोल्हा कोपऱ्यात, आमच्याकडं पाठ.
शीळ घातली तर फक्त कान हलला.
आमचा थोरला असाच जेवतो,
आई गेल्यापासून, ताटासकट भिंतीकडं वळून.
लिहिलं: रुसलेला.

अस्वल झुलत होतं.
डावीकडं, उजवीकडं, मान टाकून,
जणू एकादशीला मृदंगापाशी बसलेला म्हातारा.
लिहायला लागलो: भजनात रमले...

‘रमलाय कसला,’ दस्तगीर म्हणाला.
‘सात पावलांची खोली हाय.
आठवं पाऊल त्यो मानेनं टाकतोय.’

मी पेन तसंच धरून.

‘कोल्ह्याला दिसत न्हाई. गाळ गेलावता डोळ्यात.
बोलनाऱ्याकडं कान करून बसतंय बिचारं.
आनि तिचं म्हनाल तर,
चार वाजता जाळीभाईर ऊन येतंय, आत येत न्हाई.
ऊन खाती हाताला.
तुमी मधी हुबं ऱ्हायलाय.’

मी बाजूला झालो.
ऊन तिच्या तळव्यावर पडलं. तिनं बोटं मिटली नाहीत.

शेवटी मगर, कृष्णाकाठच्या कुठल्याशा मळीतून आणलेली.
हनुवटी खाली. हसणं नाही, पापणी नाही.
तीस वर्षांत इतकं चांगलं गिऱ्हाईक आलं नव्हतं.
बराच वेळ बघत राहिलो, काही सुचेना,
आई नाही, साडू नाही, कुणी आठवलं नाही.
‘हिचा स्वभाव?’ मी विचारलं.
दस्तगीरनं भडंग पुढं केलं. ‘मगरीचा.’

रात्री दुकानात प्रती कापताना
कटर अर्ध्यावर थांबला.
मिरजेच्या त्या वॉर्डात खिडकी पश्चिमेला होती.
चारच्या पुढं
कॉटच्या कडेला, फरशीवर पडायच्या आधी,
उन्हाची एक पट्टी यायची. वीतभर रुंद.
आणि मी दर वेळी
तिचा हात आत घ्यायचो.

घरी गेलो. थोरला जेवत होता, भिंतीकडं तोंड.
मी चपला काढता काढता सांगायला लागलो,
अस्वलाचं, पुराच्या रेघेचं, मगरीचं,
कुणाला असं नाही, खोलीत.
त्यानं मान वळवली नाही.
फक्त घास चावायचा थांबवला होता,
मधेमधे.

सकाळी क्लार्कचा फोन:
मगर पसंत आहे. बाकी रकाने खोडलेत, ते भरा.
अस्वल तिन्ही प्रतींत हललंय,
सोमवारी येऊन परत काढा.
म्हटलं, येतो.
दुपारचा येतो, चारला.
माकडिणीचाही परत काढायचाय,
मी मधे आलोय.