सातवं बोअर

माधवनगरच्या मागं बंद पडलेला इंजिनांचा कारखाना.
पत्रे गेले, खिडक्या गेल्या,
भंगारवाल्यांनी कुंपणाचे खांबसुद्धा उपटून नेले.
जमिनीच्या पोटात उतरलेलं डिझेल तेवढं राहिलं.
त्याचा भाव कुणी विचारला नाही.

मी तीन महिन्यांनी एकदा येते.
सहा बोअरची सहा कुलपं उघडते,
फीत खाली सोडते आणि कान देते:
तेलाला टेकली तर एकसुरी वाजते,
पाण्याला टेकली तर तुटक तुटक.
सहा मीटर एकेचाळीस. तुटक.
लिहिते.

वर काळी माती, खाली मुरूम,
त्याखाली भेगाळलेला खडक.
पुराच्या साली पाणी चढलं, त्याच्या डोक्यावर बसून तेल चढलं
आणि ओसरताना
मुरमाला हात पुसत पुसत खाली गेलं.

तीन बोअरच्या पातळ्या जोडल्या की उतार निघतो.
उताराला टोक काढलं की बाण.
माझा बाण नैर्ऋत्येला जातो,
सुगंधाबाई आवटींच्या विहिरीकडं.

नाव सुगंधा आणि विहिरीला रॉकेलचा वास,
हा विनोद त्या स्वतःच करतात,
हसत मात्र नाहीत.
"म्हशीनं बादलीवरनं तोंड फिरवलं, तवाच मला कळलं.
तुमचा कागद काय म्हणतो?"

कागद म्हणतो, चौथ्या बोअरचा आकडा दोन वर्षं तेवढाच.
कागद म्हणतो, टाकी आणि विहीर यांच्या मधल्या
सहाव्या बोअरमध्ये काहीच नाही.
म्हणजे सरकत नाही, काकू. जागच्या जागी आहे.
तुमच्या पंपाचंच काही सांडलं असेल, बघा.

त्या पंपाकडं बघतात. पंप विजेचा आहे.

"सासऱ्यांची हरिपूरला पेवं होती," त्या म्हणतात,
"जमिनीत ठेवलेली हळद वर्षं न् वर्षं
हलायची न्हाई, रंग सोडायची न्हाई.
हीच जमीन न्हवं ती?"
ती माती वेगळी, काकू.
"माती वेगळी, का ठेवणारे वेगळे?"

बाबालाल मुजावर, एकतीस वर्षं रात्रपाळीचे वॉचमन,
गेटच्या सावलीत बसून हे ऐकत होते.
त्यांना मी कधी काही विचारलं नव्हतं.
विचारायचं काय, माझ्याकडं नकाशा होता.

ते उठले. काठी टेकत, पावलं मोजत निघाले.
नकाशातली टाकी मागं पडली.
चौथं बोअर मागं पडलं.
सहावं मागं पडलं.
बाभळीच्या अलीकडं थांबले
आणि काठी जमिनीत रोवली.

"ह्यो नवी टाकीचा जागा. सत्त्याऐंशी साली पुरली.
परवान्याची काय तरी भानगड होती,
म्हणून कागदावर आली न्हाई.
आनि पार्ट धुतल्यालं डिझेल बी हितंच वतायचे,
रोज, पाळी सुटताना."

मी वळून पाहिलं.
सहावं बोअर माझ्या पाठीशी, चढाला.
ते स्वच्छ होतं
कारण ते मागं होतं.
जाळाच्या मागं, वाऱ्याकडं पाठ करून उभी राहून
मी दोन वर्षं लिहीत होते:
धूर नाही.

वहीत शेवटच्या रकान्यात आजची तारीख,
तिच्यापुढं सकाळीच लिहून ठेवलेलं: स्थिर.
आठ वेळा लिहून हाताला वळण पडलेलं.
आज खोडलं.
त्या जागी काय लिहू, ते सुचलं नाही.
सरकतंय म्हणायलाही आकडा लागतो.

"मग? चाललंय का तिकडं?" मुजावरांनी विचारलं.
माहीत नाही, चाचा.
गुरुवारी मशीन आणते, इथं सातवं बोअर घेऊ.
तोवर ही काठी हलवू नका.

"आन् मी चालू कशानं?"

बरोबर होतं त्यांचं.
मी काठी काढून त्यांच्या हातात दिली
आणि त्या भोकात माझं पेन उभं केलं,
निळं टोपण वर,
लांबून दिसेल असं.