डचेसची चौकशी

एल्डरशॉच्या पुलावर एक पितळी पाटी आहे,
यॉर्कशरच्या ओल्या हवेनं हिरवट पडलेली:
'१८६६च्या पुरात डचेस या घोडीनं
अकरा मुलं वाचवली.'

टॅमसिन हॉल्ड्सवर्थ, वय वर्षं नऊ,
ती पाटी वहीत जशीच्या तशी उतरवून
शाळेच्या वाचनालयात माझ्यासमोर उभी राहिली.
"झाला माझा प्रकल्प."
मोज्यांवर चिखल, चेहऱ्यावर विजय.

मी विचारलं, पाटी बसवली कधी?
पळत गेली, पळत आली.
कोपऱ्यात बारीक अक्षरं होती,
आजवर वाकून पाहिली नव्हती कुणी.
एकोणीसशे एकतीस.
बोटं मोजली, बोटं पुरली नाहीत,
मग कागदावर वजाबाकी.
"पासष्ट वर्षांनी? मग पाटीला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न मी शिकवला नव्हता.
मी मान खाली घालून
पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

इंटरनेटवर मुलं सतरा झाली होती.
एका ठिकाणी तर घोडी पांढरीशुभ्र
आणि पुराच्या रात्री चक्क चांदणं.
पुलाजवळच्या 'डचेस' पबचे मालक क्रॅबट्री म्हणाले,
वीस तरी असतील, पोरी,
आणि घोडीचं चित्र छापलेला बिअरचा पुठ्ठा
तिच्या हातात ठेवला.
टॅमसिननं तो कार्डाला चिकटवला,
खाली लिहिलं:
यांचं पोट घोडीवर चालतं.

आमच्याकडे याला पराचा कावळा म्हणतात,
मी सांगितलं.
तिला ते फार आवडलं.
"मग पराचा शोध घेऊ."

पराचा पत्ता लागला हॅलिफॅक्सच्या दप्तरखान्यात,
शनिवारी, तिच्या आईला सोबत नेलं तेव्हा.
त्या आठवड्याचं वर्तमानपत्र, चौथं पान,
साबणाच्या जाहिरातीखाली साडेतीन ओळी:
दोन मुलं. एक गाडीवान, आयरिश. एक घोडा.
घोड्याला नाव नाही.
गाडीवानालाही नाही.

आणि गिरणीच्या हिशेबवहीत,
कुणालाच खूश करायचं नसलेल्या तपकिरी अक्षरात:
ऑक्टोबर. घोडी डचेस विकली. चौदा पौंड.

पूर आला नोव्हेंबरात.

टॅमसिन बराच वेळ गप्प.
मला वाटलं, रडते की काय.
नऊ वर्षांच्या मुलीकडून घोडी काढून घेणं
हे काही चांगलं काम नव्हे.
पण ती पान उलटत होती.
"हे बघा ना, मिसेस टिपणीस."
नोव्हेंबर. एम. ड्रिस्कल, गाडीवान.
गैरहजर तीन दिवस. मजुरी कापली.

"हाच तो!"
असेल, मी म्हटलं. गाडीवान किती होते गिरणीत?
ती मोजायला बसली. सहा.
आयरिश वाटणारी नावं दोन.
दुसरा त्या आठवड्यात रोज हजर.
आणि नुसत्या नावावरून आयरिश ठरतो का कुणी?
तेही तिनंच विचारलं.
मग पेन ठेवलं, पेन्सिल घेतली,
ड्रिस्कलच्या नावापुढे लिहिलं: बहुधा.
शब्द लहान काढला.
खोडरबर जवळच राहू दिलं.

परतीच्या बसमध्ये आई पेंगत होती.
"टिपणीस म्हणजे काय?"
टिपणं ठेवणारा, मी जरा ताठ बसून म्हटलं.
आमचे पूर्वज कोकणात एका किल्ल्यावर
दप्तर सांभाळायचे.
"कुठल्या किल्ल्यावर?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
काळ्या दगडांची घरं, मेंढ्या, पुन्हा घरं.
"कुठे लिहिलंय?"

वडील सांगायचे.
त्यांना त्यांच्या काकांनी सांगितलेलं.
काकांना, मला वाटतं...

बस चढावर गिअर बदलत होती.
टॅमसिननं नवं कार्ड काढलं,
वर माझं नाव घातलं,
स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं,
आणि पेन्सिल तयार धरून
वाट पाहू लागली.