फुटाला एक सूत

सीपीआरच्या जुन्या इमारतीत, ईसीजीच्या खोलीबाहेर,
माझ्या मांडीवर साठ प्रश्न, प्रत्येकासमोर पाच चौकोन
आणि बाकावर शेजारी तातोबा सुतार, वय अठ्ठावन्न,
उद्यमनगरात फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करणारे.
रक्तदाब एकशे बासष्ट. लिहून घेतला.

प्रश्न चौथा. मी राग गिळतो.
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
"कोरडा, का पाण्याबरोबर?"
विचारलं, आणि हसले नाहीत.
मी 'बऱ्याचदा'वर पेन टेकवलं, उचललं.

प्रश्न नववा. मी सतत घाईत असतो.
"घाई माझी नसती वो ताई, मालकाची असती.
सागवानाला घाई केली
की ते वर्षानं सूड घेतंय, मधोमध फट पाडतंय."
दुसऱ्याच्या घाईला आमच्याकडे चौकोन नाही.

विद्यापीठात आम्ही पुढचं वाक्य सात वेळा पालटलं होतं.
चिंताग्रस्त. अस्वस्थ. तणावाखाली.
कुणाला सुचलं नाही की इथला माणूस
मनाला लावून घेतो.
आणि सरसानं लावलेलं एकदा वाळलं
की फळी फुटते, सांधा सुटत नाही.

"धाकट्याचं दुकान भिंतीपलीकडंच हाय," ते सांगू लागले,
मी काहीच विचारलं नव्हतं.
"त्याचा रंधा ऐकू येतोय दिवसभर.
अडकला की मला कळतंय, पातं बोथट झालंय.
सांगायचं न्हाई. बारा वर्षं झाली."
मग छातीत काही होतं का?
"छातीत न्हाई. हात थांबतोय माझा."

खिशातून पट्टी काढली, पितळी, कडा झिजलेली.
"ही बघा. हिचा फूट तुमच्या फुटापेक्षा मोठा.
बीड थंड होताना आकसतंय, फुटाला एक सूत.
तेवढं आधीच धरून साचा मोठा करायचा.
न्हाईतर वस्तू येती झ्याक,
पण बसत न्हाई कुठंच."

प्रश्न एकेचाळीस.
ज्याच्याशी मोकळं बोलावं असं मला कुणीतरी आहे.
व्हरांड्यातून चहाची किटली गेली,
एक स्ट्रेचर गेलं, त्यामागे चपला हातात घेतलेली बाई.
"आत्ता बोलतोय की. तेवढं धरा."

मला धरता येत नाही.
प्रश्न विचारणारी मोजणीत नसते, हा पहिला धडा.
मी पट्टा पुन्हा दंडाला गुंडाळला, उगाचच.
एकशे अडतीस.
नियमाने पहिलाच आकडा खरा.
हा मी समासात लिहिला, पेन्सिलीनं,
खाली 'फुटाला एक सूत';
सर विचारतील, हे काय आहे.

निघताना त्यांनी बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला,
एका जागी अडला, तिथंच मागेपुढे केला.
"रंधा नीट मारलेला न्हाई," म्हणाले.
दोन पावलं गेले आणि परत वळून:
"त्याच्या हातचं दिसतंय."