मार्कर

पावणेसहाला मी कोर्टावर पाणी मारतो.
लाल माती आधी काळी पडते, मग हळूहळू तपकिरी,
आणि तपकिरी झाली की फाटक वाजतं.
कारखानीसांची रेवती. स्कूटर लावायच्या आधीच
अर्धी धावत असते.

वडाळ्याला पहाटेचा वारा खाडीकडून येतो,
मिठागरांचा वास घेऊन.
ती नाक पुसते, अंगठ्याला टेप गुंडाळते,
दातांनी तोडते. बोलणं नाही.
मी टोपली ओढत नेटपाशी आणतो.
एकशे वीस चेंडू,
टक्कल पडलेले दोन धरून.

फोरहँड तिरके, चाळीस.
मग चाळीस लाईनीवरून.
मग डावा कोपरा, जिथे पळायचा तिला कंटाळा,
तिथे मी मुद्दाम टाकतो, आणि पाय सावरायच्या आत
आणखी एक.
पगार मला याचाच मिळतो.

मेंबर लोक विचारतात, कितवा नंबर हो तिचा?
सहाशे चौदा.
त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय.
आता यांना काय सांगायचं,
की जगात सहाशे तेराच बायका हिच्या पुढे आहेत,
आणि मागच्या हजार जणी
आज हिच्या आधी उठल्या असतील.

नऊला दोन उकडलेली अंडी, केळं, मीठ घातलेलं पाणी.
दहाला वजनं. साडेतीनला पुन्हा मी, पुन्हा टोपली.
सर्व्हिस. दुसरी, फक्त दुसरी.
"पहिली काय, सगळ्यांनाच येते, लवूकाका,"
वर्षभरातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.
सहाला बर्फाच्या पिंपात पाय.
पिंप कॅन्टीनचं, एरवी त्यात सोड्याच्या बाटल्या असतात.

मॅच मी तिची एकही पाहिलेली नाही.
तुर्कस्तानात खेळते, इजिप्तमध्ये, कधी सोलापुरात.
परतली की मी स्कोअर विचारत नाही,
डावा बूट बघतो.
अंगठ्यापाशी झिजलेला असला
तर तिसऱ्या सेटपर्यंत गेली असणार.

परवा आली. बूट कोरा.
दोरी नाही, टेप नाही.
टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसली.
चेंडू घरंगळत पार कुंपणाच्या जाळीपर्यंत.
मी काय बोलणार?
एकतीस वर्षं ज्याला हवा तिथे चेंडू दिला,
जज्जसाहेबांना पोटापाशी, डॉक्टरीणबाईंना बॅकहँडला,
स्वतःसाठी म्हणून
एक मारलेला आठवत नाही.

तिचीच रॅकेट उचलली. गुडघा कुरकुरला.
बेसलाईनला उभा राहिलो, चेंडू वर टाकला,
वर मोनोरेलचा पट्टा, त्याच्या खाली चेंडू,
आणि दिली ठेवून.

"बाहेर," ती म्हणाली.
थोडासाच ना?
"चांगला वीतभर."
दुसरी मारली. नेट.
"डबल फॉल्ट. खांदा आधी उघडतोय तुमचा."

मग उठली, वाकून चेंडू वेचू लागली,
एकेक, बुटाच्या कडेने उडवून हातात.
मी रॅकेट परत द्यायला पुढे केली
तर वरही न बघता म्हणाली,
"थांबलात का?
अजून एकशे अठरा आहेत."