पाटीवरचा आकडा

विमान दोन तास लेट.
सहारच्या पार्किंगबाहेर कठड्याला टेकून आम्ही पाचजण,
आणि सायकलवरचा चहावाला. त्याच्या थर्मासचं झाकण
कधीच हरवलंय, तोंडाला पिशवी बांधलीय.

विषय खरातनं काढला.
"सगळ्यात मोठा आकडा कुणी बघितलाय?
पाटीवरचा हं. काट्यावरचा नको,
काट्याचं काय, कुणीबी फेकतंय."

त्यानंच सुरुवात केली. "समृद्धी. एकशेवीस.
जालन्याच्या पुढं रस्ता असा सरळ
की स्टेअरिंगला हात लावायची लाज वाटते.
आधी टायरचा वास येतो,
मग झोप येते.
झोपेला पाटी नाही."

सुलभा घाडीगावकर ॲपची गाडी चालवते,
रात्रपाळी मागून घेते.
"अटल सेतू. शंभर. खाली पाणी, वर कॅमेरा.
एक भाडं म्हणालं, जरा थांबवा, फोटो काढतो.
म्हटलं, बाबा, इथे पळायची सोय आहे,
थांबायची नाही."

इस्माईल परकारनं आधी चहा संपवला.
कप दुमडून खिशात ठेवला. रस्त्यावर टाकत नाही,
तिकडची सवय.
"एकशेसाठ," तो म्हणाला.
"अल ऐनचा रस्ता. दोन्ही बाजूंना वाळू.
मधेच एखादा उंट, तोसुद्धा कुंपणाच्या आत."

एकशेसाठ!
खरातनं शिट्टी घातली.
चहावाल्यानं न विचारता परकारचा दुसरा कप भरला.

"आणि तुम्ही किती मारली?"

"मी? मी पाण्याचा टँकर चालवायचो.
टँकरला ऐंशी.
अकरा वर्षं त्या पाटीखालनं गेलो,
अकरा वर्षं ऐंशीनं."

एक विमान डोक्यावरून उतरलं. आमचं नव्हतं.

मग सुलभा म्हणाली, माझ्या गाडीलापण ऐंशीचा गव्हर्नर आहे.
खरातच्याही. पिवळी नंबरप्लेट म्हटली की बसवतातच.
शंभरच्या पुलावर, एकशेवीसच्या रस्त्यावर
पाय तळाला टेकतो
आणि गाडी म्हशीसारखी मान हलवते,
नाही म्हणते.
"म्हंजे आपण नुसते वाचलेत आकडे,"
खरात स्वतःशीच म्हणाला.

मरोळचा बस्त्याव परेरा ड्युटी सुटूनही घरी गेला नव्हता.
तो आत बस चालवतो, विमान ते दार, दार ते विमान.
"आमची तीस. बाजूनं जंबो उठतो,
पॅसेंजर सगळे काचेला चिकटतात,
मी काट्याकडे बघतो.
एकतीस झाली तर मेमो."

मला विचारलं.
माझी गाडी साहेबांची. जर्मन. पांढरी प्लेट, गव्हर्नर नाही,
डायलवर दोनशेसाठपर्यंत आकडे छापलेत,
अर्ध्यांच्या पलीकडे काटा कधी गेलेला नाही,
ते अजून नवेकोरे आहेत.
मी म्हटलं, शंभर. एक्सप्रेस वे. घाट सोडून.
कुणी शिट्टी घातली नाही.

पावणेचारला साहेब आले. बसले, झोपले.
सी लिंकवर ऐंशीची पाटी,
ऐंशीच मारली. परकारच्या नावानं म्हणा.
रस्ता रिकामा होता, पायाखाली आणखी बरंच काही शिल्लक होतं
आणि ते तसंच राहू दिलं.

प्रभादेवीला टॉवरच्या गेटात वळलो.
आत भिंतीवर तांबड्या रंगात सेक्रेटरींनी लिहून घेतलंय:
वेगमर्यादा ५. हुकूमावरून.
सहा वर्षं रोज वाचतोय. आज पहिल्यांदा पाळायला गेलो.
डायलवर दहाच्या खाली काही लिहिलेलंच नाही,
नुसती काळी जागा, तिथे काटा थरथरत होता.
ब्रेकवरचा पाय उचलला, टेकवला, अर्धाच उचलला.

केबिनमधून वॉचमन उठला,
डबा धुवायला नळाकडे निघाला,
एका पायात चप्पल नीट सरकवत
माझ्या बाजूनं चालत आला
आणि पुढे निघून गेला.