पाय उचलल्यावर

चढावर काही नाही.
उरवाई दरवाजाच्या चढावर हेरल्ड
दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते, पण मुकाट चढते.
उतारावर पाय उचलला, की मागून
फट्.
आणि थोडं थांबून, जणू पहिल्याची खात्री करायला,
फट् फट्.

दुसरं एखादं शहर असतं तर लोक खिडकीत आले असते.
इथं पानवाला चुना लावता लावता विचारतो,
"किसके यहाँ शादी है?"
ग्वाल्हेरला बंदुकीच्या आवाजाचं एवढं काही नाही.

पाइप नवा आहे. मीच बसवला, दिवाळीच्या बोनसमधून,
दोन इंची, सरळ, आत पडदे नसलेला.
भाचा म्हणाला होता, मामा, इंजिनला श्वास घेऊ दे.
घेतला तिनं श्वास.
मग बोलायला लागली.

सगळं करून पाहिलं.
प्लग काढले: तीन विटकरी, एक पांढरट.
पॉइंटची फट ब्लेडनं मोजली,
टायमिंग जरा मागं, जरा पुढं, मग होतं तिथं.
सोलेक्सचा जेट तोंडानं फुंकला;
दोन दिवस वरणाला पेट्रोलची चव.
शेजारचे शितोळे म्हणाले, पाइपच काढून टाका.
भाचा म्हणाला, अरे, लोक या आवाजाचे पैसे देतात.

जिन्सीत सगीर मिस्त्री.
पूर्वी तिथं तोफा असायच्या म्हणे, आता डेंटिंग-पेंटिंग.
त्यानं माझं निम्मंच ऐकलं.
गार इंजिन चालू करायला लावलं,
पाइपच्या शेपटीवर ओली चिंधी दाबून धरली पोरानं,
आणि मॅनिफोल्डच्या जोडावर याने साबणाचं पाणी सोडलं.
चौथ्या सिलेंडरपाशी एक बुडबुडा
फुगला, फुटला, फुगला.

"पाइप को मत कोसो, भाईसाब.
दरार पुरानी है.
पुराना साइलेंसर खा जाता था, बस."

मग बोटं पुसत समजावलं:
जोर लावलेला असतो तोवर सगळं जळतं.
पाय उचलला, की थोडं पेट्रोल न जळताच
निघून जातं तापलेल्या नळीत.
तिथं भेगेतून चमचाभर हवा मिळाली, की झालं.
भेगेलाही आमच्यात फट म्हणतात, त्या आवाजालाही,
हे त्याला हिंदीत सांगता येईना.

अण्णा एकतीस वर्षं ए.जी. ऑफिसात
परक्यांच्या बेरजा तपासत होते.
दोनदा डावलले गेले. हूं नाही की चूं नाही.
निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या रविवारी
आमटीत मीठ नव्हतं.
आधी वाटी भिंतीवर. मग ताट.
मग थोडं थांबून
आईला एक वाक्य,
जे त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.
आम्ही कितीतरी वर्षं मिठाला दोष देत होतो.

सगीरनं तांब्याची गॅस्केट कापली,
नट एकाआड एक आवळले,
मिश्रण पाव फेरा दाट केलं.
आता उतारावर एखादाच टुक् येतो,
पलीकडच्या खोलीत कुणी कपाट लावल्यासारखा.
"इतना तो रहेगा," म्हणाला.
"कार्बोरेटर है, फ़रिश्ता नहीं."

जुना सायलेन्सर त्याच्याच कोपऱ्यात पडला होता.
हलवला तर आत खुळखुळ; पडदे सुटले असावेत.
घरी ठेवू म्हणून डिकीत टाकला,
महिनाभर तिथंच होता,
मग हजिऱ्याच्या कबाड्याकडे नेला.

काट्यावर साडेसहा किलो.
कबाडी जरा थांबला. हातोडीनं ठोकत ठोकत
आतली काजळी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर ओतली,
बराच वेळ येतच राहिली ती,
मग पुन्हा तोलला,
आणि सव्वा किलो कापले.

"ये तो लोहा नहीं है ना, साब."

नाही, म्हटलं.
बाहेर गाडी चालूच ठेवली होती.