चौदावा सेकंद

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात
सुनिल्दा बार्रिआंनी पडद्यावर माझाच हात आणला.
माझा हात, त्याखाली एलिसेओचा तळवा,
सहा वर्षांचा, नखांत बटाट्याच्या वाफ्यातली माती.
कानांनी काहीच नाही त्याला.
डोळ्यांनी, असलाच तर, उजेडाचा एक डाग.

"मोज," त्या म्हणाल्या.
मी मोजलं. स्पर्श. एक, दोन, तीन.
पुन्हा स्पर्श. एक, दोन. पुन्हा.

"तू दार वाजवतेस," त्या म्हणाल्या,
"आतला माणूस मागच्या खोलीतून
भिंत चाचपत निघालेला असतो.
तू परत वाजवतेस. तो थबकतो,
परत पहिल्यापासून निघतो.
किती हेलपाटे घालायला लावशील त्याला?"

माझ्या तक्त्यात सतरा वेळा लिहिलेलं होतं:
प्रतिसाद नाही.
सुवाच्य अक्षरात. त्याचे गुणही मिळाले होते मला.

मग त्यांनी फीत मंद केली, इतकी मंद
की मागच्या चुलीतला धूर दोरीसारखा उभा राहिला,
आणि चौदाव्या सेकंदाला
डाव्या हाताची करंगळी
(त्या हाताकडे मी पाहतच नव्हते)
तांदळाच्या दाण्याएवढी वर झाली.
खाली.
बस्स.

आम्ही नऊ जणी. कुणी काही बोललं नाही.
कास्त्रोच्या धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला,
तेव्हा सुचलं, हा आवाज एलिसेओला
पायांतून कळत असेल:
पाण्यात उभे लाकडी खांब, खांबांवर फळ्या,
फळ्यांवर अनवाणी तो.

सोमवारी टोपली घेऊन गेले.
चमचा म्हणजे जेवण.
लोकरीचा धागा म्हणजे आईचा माग.
दोरीचा तुकडा म्हणजे होडी.
तीन अक्षरांची आमची बाराखडी.
त्याची आई, एदेल्मिरा, शिंगासारखे वाकडे,
जांभळे बटाटे सोलत बसली होती.
मी दोरी त्याच्या तळव्यावर ठेवली
आणि हात मागे घेतला.

थांबायला शिकवणारा एकही तास
विद्यापीठाच्या वेळापत्रकात नव्हता.
पाचला बोटं शिवशिवली.
नवाला हनुवटी खाजली.
बाराला एदेल्मिराने माझ्याकडे पाहिलं,
बिघडलेल्या पंपाकडे पाहावं तसं.
चौदा.
काही नाही. आकडा म्हणजे काही देव नव्हे.
वीस. चुलीत ओलं लाकूड तडकलं.
सव्वीस.

एकतिसाव्या सेकंदाला त्याने दोरी नाकाशी नेली,
हुंगली,
माझा हात शोधला, एकेक बोट उलगडलं,
दोरी आत ठेवली, मूठ मिटवली
आणि तोंड फिरवलं.

होडी नको.

त्याचं मला कळलेलं पहिलं वाक्य, तेही नकाराचं.
एदेल्मिरा सुरी हातात धरून हसत सुटली:
"बापावर गेलाय! तोही मासेमारीला निघतो
आणि धक्का सुटायच्या आत ओकतो."

तक्त्यात रकाने दोनच होते, आहे आणि नाही.
मी समासात आडवं लिहिलं:
मुलाने विचार केला आणि नकार दिला.

सुनिल्दाबाईंनी 'विचार केला'खाली लाल रेघ मारली.
"हे तुला कुठे दिसलं?"
"एकतीस सेकंद," मी म्हणाले.
"ते थांबणं झालं. विचार हा तुझा शब्द."
पण वाक्य त्यांनी खोडलं नाही.
कपाटातून फितींचं खोकं काढून दिलं:
"चाळीस आहेत. बघून ये, मग भांडू."

रात्रीचे दोन वाजलेत. सहावी फीत.
कुठलं गाव, माहीत नाही. कुणाचं मूल, माहीत नाही.
शिकाऊ मुलगी माझ्यासारखीच, बाह्या सरसावलेली,
स्पर्श करते. एक, दोन,
आणि तिचा हात परत उचलतो.
थांब गं, मी पडद्याला म्हणते,
आतून कुणीतरी निघालंय.